हृदयाचा टिश्यू दर सोमवारी तुटलेला सापडतोय? पेशींच्या आधी जेल तपासा

शुक्रवारी संध्याकाळी प्लेट बघितली तेव्हा प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेले हृदयाचे चोवीसच्या चोवीस टिश्यू धडधडत होते. सिलिकोनच्या दोन खुंट्यांमध्ये ताणलेली सुतळीसारखी पट्टी, आणि दर ठोक्याला खुंट्यांची टोकं एकमेकींकडे झुकताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर नऊ टिश्यू एका टोकाकडून सुटलेले आणि दुसऱ्या खुंटीला गोळा होऊन लटकलेले. त्यातले काही तशाही अवस्थेत धडधडत होते. ते बघवत नाही.

हे आमच्याकडे सलग तीन बॅचमध्ये झालं. एका बॅचमागे किती मेहनत असते ते हे काम करणाऱ्यालाच कळतं. आधी स्टेम पेशी सांभाळायच्या, मग दोन-तीन आठवडे त्यांचं हृदयस्नायू पेशींमध्ये रूपांतर करायचं, आणि मग कुठे टिश्यू ओतायचा. एका टिश्यूला १० लाख पेशी लागतात, म्हणजे एका प्लेटला २ कोटी ४० लाख. तीन बॅच गेल्यावर सगळं सोडून दिलं आणि फक्त तुटण्याचाच अभ्यास केला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांचे तरी महिने वाचावेत.

आधी पद्धत कोणती ते सांगतो

हृदयाचे त्रिमितीय टिश्यू बनवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. १९९७ मध्ये थॉमस एशेनहागेन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशी कोलॅजेनच्या जेलमध्ये वाढवून दाखवल्या. २००२ मध्ये वोल्फ्राम-ह्युबर्टस त्सिमरमान आणि मंडळींनी उंदराच्या पेशींपासून कड्यांच्या आकाराचे टिश्यू बनवले. २०१० मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने फायब्रिन जेल आणि सिलिकोनच्या खुंट्या असलेली २४-वेल प्लेटची (वेल म्हणजे प्लेटमधला खळगा) पद्धत मांडली. आम्ही हीच शेवटची पद्धत वापरतो आणि या लेखातलं सगळं तिच्याबद्दल आहे. कोलॅजेनचा जेल वापरत असाल तर पुढचा प्लाझ्मिनचा, म्हणजे फायब्रिन विरघळवणाऱ्या एन्झाइमचा, भाग तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

थोडक्यात कृती अशी. समुद्री शेवाळापासून मिळणारं २ टक्के अ‍ॅगरोज वेलमध्ये ओतून त्यात टेफ्लॉनच्या साच्याने सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद खाच करायची. तिच्यात वरून खुंट्यांची जोडी सोडायची. पेशी, मीडियम (पेशींचं पोषक द्रव) आणि मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम फायब्रिनोजेन यांचं मिश्रण थ्रॉम्बिनमध्ये मिसळून लगेच खाचेत ओतायचं. थ्रॉम्बिन हे एन्झाइम फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं. १०० मायक्रोलिटरला त्याची ३ युनिटं पुरतात. दोनेक तासांत जेल धरतो. मग मीडियम घालून तो अ‍ॅगरोजपासून मोकळा करायचा आणि खुंट्यांच्या रॅकसकट उचलून नव्या प्लेटमध्ये न्यायचा. वेलला दीड मिलिलिटर मीडियम, बदल सोमवार-बुधवार-शुक्रवार. आठवड्याभरात पेशी एका लयीत आकुंचन पावू लागतात, आणि सैल जेलची घट्ट, बारीक दोरी होत जाते.

फायब्रिन म्हणजे आपल्या जखमेवर रक्त साकळून जी जाळी तयार होते तीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमचं कोडं इथेच सुटलं. शरीर रक्ताची गाठ बांधतं आणि काम झालं की ती विरघळवतंही. विरघळवणारी यंत्रणा पेशींबरोबर आपल्या प्लेटमध्येही येते.

तुटलेला टिश्यू फेकू नका, नीट बघा

आमची पहिली चूक इथेच झाली. तुटलेले टिश्यू दिसले की वैतागून टाकून द्यायचो आणि पेशींची शुद्धता तपासायला धावायचो. ट्रोपोनिन-टी या हृदयस्नायूच्या खुणेच्या प्रथिनाची तपासणी प्रत्येक वेळी चांगलीच यायची, ८५ टक्क्यांच्या वर. म्हणजे पेशी ठीक होत्या, तरी आम्ही रूपांतराच्या कृतीतच फेरफार करत राहिलो. दोन महिने त्यात गेले.

तुटण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता येतात. पहिल्या प्रकारात तुटण्याच्या एक-दोन दिवस आधी पट्टीचा एखादा भाग, बहुतेक वेळा खुंटीजवळचा, काचेसारखा पारदर्शक होऊ लागतो. पट्टी सैल पडते. खुंट्या ठोक्यांच्या मधल्या वेळात अगदी सरळ उभ्या राहतात, म्हणजे त्यांच्यावर ताणच उरलेला नसतो. वेलच्या तळाशी सुट्या पेशींचा गाळ दिसतो. हे जेल विरघळण्याचं लक्षण आहे.

दुसऱ्या प्रकारात याच्या अगदी उलट दिसतं. पट्टी अपारदर्शक, पांढुरकी, कमालीची ताठ होते. ठोक्यांच्या मधल्या वेळातही खुंट्या आत झुकलेल्या असतात आणि एके दिवशी पट्टी ताणाने तुटते. तळाशी गाळ नसतो. इथे जेल शाबूत असतो आणि पेशी त्याला प्रमाणाबाहेर आवळत असतात. हृदयस्नायू नसलेल्या पेशी, मुख्यतः फायब्रोब्लास्ट (ऊतींचा आधार देणारा सांगाडा बनवणाऱ्या पेशी), जास्त झाल्या की हे होतं, कारण त्या आठवडेच्या आठवडे वाढत राहतात.

म्हणून रोज, निदान मीडियम बदलताना, प्रत्येक प्लेटचा बाजूने एक फोटो काढायची सवय लावा. मोबाइलचा चालतो. आमचे आधीच्या बॅचचे फोटो होते म्हणून मागे जाऊन बघता आलं: सगळे टिश्यू पहिल्या प्रकारचे होते.

सोमवारच का?

फोटोंवर तारखा होत्या. एका संध्याकाळी त्या कॅलेंडरवर मांडल्या आणि चित्र स्पष्ट झालं. बुधवारी किंवा शुक्रवारी क्वचितच काही तुटलेलं होतं. जवळजवळ सगळं सोमवारी. एका बॅचमध्ये गणपतीच्या शेवटी अनंत चतुर्दशीला जोडून सुट्टी आली होती आणि मीडियम चार दिवस बदललं नव्हतं. त्या वेळी अर्ध्याहून जास्त प्लेट गेली होती. तेव्हा आम्ही इन्क्युबेटरवर संशय घेतला होता, वीज गेली असेल असं म्हटलं होतं. जनरेटरची नोंदवही बघितली तर वीज गेलेलीच नव्हती.

पेशींना वार कळत नाहीत. वारांचा संबंध फक्त मीडियमशी होता. तेव्हा मीडियममध्ये असं काय आहे जे दोन दिवस पुरतं आणि तीन दिवसांनी संपतं, एवढाच प्रश्न उरला.

उत्तर अ‍ॅप्रोटिनिन. गाठ विरघळवणारं एन्झाइम म्हणजे प्लाझ्मिन. ते प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय रूपात घोड्याच्या सीरममधून आपल्या मीडियममध्ये येतं. बरेचदा खुद्द फायब्रिनोजेनच्या बाटलीतही थोडं असतं. टिश्यूमधल्या पेशी, विशेषतः फायब्रोब्लास्ट, त्याला सक्रिय करणारी एन्झाइमं सोडतात. अ‍ॅप्रोटिनिन हे गुरांच्या फुप्फुसातून मिळणारं छोटं प्रथिन प्लाझ्मिनला घट्ट धरून ठेवतं. पण एक रेणू एकालाच धरतो. प्लाझ्मिन तयार होत राहिलं आणि अ‍ॅप्रोटिनिनची भर पडली नाही तर केव्हातरी तोल ढळतोच. पद्धतीत त्याचं प्रमाण मिलिलिटरला ३३ मायक्रोग्रॅम आहे आणि आम्हीही तेवढंच घालत होतो. निदान तसा आमचा समज होता.

खात्री करून घेण्याची चाचणी

इथे अंदाजाने औषध वाढवत बसू नका. एक-दोन दिवसांत उत्तर देणारी चाचणी आहे आणि तिला हृदयपेशी लागत नाहीत.

४८-वेल प्लेटमध्ये पेशींशिवाय फायब्रिनचे २०० मायक्रोलिटरचे जेल ओता. फायब्रिनोजेन त्याच लॉटचं घ्या ज्याचे टिश्यू तुटले. जेल धरल्यावर त्यांवर चार प्रकारचं द्रव घाला, प्रत्येकाचे तीन-तीन वेल. पहिलं, ताजं पूर्ण मीडियम. दुसरं, अ‍ॅप्रोटिनिन न घातलेलं ताजं मीडियम. तिसरं, सोमवारी तुटलेल्या टिश्यूंच्या वेलमधून काढलेलं वापरलेलं मीडियम, पेशींचा गाळ सेंट्रिफ्यूजने खाली बसवून. चौथं, तेच वापरलेलं मीडियम, पण त्यात अ‍ॅप्रोटिनिनचा ताजा पूर्ण डोस घालून. ३७ अंशांवर ठेवा आणि दर काही तासांनी प्लेट हळूच तिरकी करून बघा. टिकलेला जेल जागचा हलत नाही, विरघळलेला पाण्यासारखा वाहतो.

आमच्याकडे पहिला जेल दोन दिवस टिकला. तिसरा रात्रभरात गेला. म्हणजे वापरलेल्या मीडियममध्ये जेल खाणारं काहीतरी होतं. आणि चौथा, ज्यात ताजं अ‍ॅप्रोटिनिन होतं, तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. मला या निकालाचा सर्वात जास्त धक्का बसला. याचे दोन अर्थ निघतात: खाणारं एन्झाइम प्लाझ्मिन नसून दुसरंच आहे, किंवा आपण ज्याला पूर्ण डोस म्हणतोय तो पूर्ण नाही. शेजारच्या गटाकडून त्यांच्या बाटलीतलं अ‍ॅप्रोटिनिन मागून आणलं आणि चौथा प्रकार पुन्हा केला. जेल दगडासारखा टिकला.

मग आमची बाटली हातात घेऊन लेबल नीट वाचलं. आधीच्या वर्षी आलेली बाटली वजनावर होती. या वेळच्या बाटलीवर क्षमता युनिटमध्ये दिली होती. अ‍ॅप्रोटिनिनची युनिटं दोन वेगवेगळ्या प्रकारे मोजतात, एक कालिक्रेन हे एन्झाइम रोखण्यावरून आणि एक ट्रिप्सिन हे एन्झाइम रोखण्यावरून, आणि दोन्हींचे आकडे अर्थातच जुळत नाहीत. स्टॉक (साठवणीचं घट्ट द्रावण) बनवताना युनिटांवरून वजन काढण्यात माझी चूक झाली होती. आम्ही ३३ ऐवजी जेमतेम ११ मायक्रोग्रॅम घालत होतो. ते दोन दिवस पुरत होतं आणि तिसऱ्या दिवशी संपत होतं. स्टॉकच्या नळ्यांवर माझ्याच अक्षरात तारीख आहे. तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही स्टॉक बनवताना बाटलीच्या लेबलचा फोटो वहीत चिकटवतात आणि हिशोब दुसरं माणूस तपासतं.

तुमचा निकाल वेगळा आला तर? दुसरा प्रकार, म्हणजे पेशी नाहीत आणि अ‍ॅप्रोटिनिनही नाही, एवढ्यावरच जेल झपाट्याने विरघळला तर फायब्रिनोजेनचा लॉट किंवा सीरम संशयित आहे. प्लाझ्मिनोजेन काढून टाकलेलं फायब्रिनोजेन विकत मिळतं. महाग असतं, पण एकदा आणून तुलना करून बघा. पहिला प्रकारही विरघळला तर जीवाणूंची लागण झाली आहे का ते आधी बघा. काही जीवाणू स्वतःच प्लाझ्मिनोजेनला जागं करणारी प्रथिनं सोडतात. रक्ताची गाठ फोडायला वापरतात ते स्ट्रेप्टोकायनेज जीवाणूंचंच. आणि चांगल्या बाटलीतल्या अ‍ॅप्रोटिनिननेही चौथा प्रकार वाचला नाही तर पेशी सुट्या करताना वापरलेल्या एन्झाइमचा अंश राहिला आहे का ते तपासा. पेशी एकदा धुऊन भागत नाही, दोनदा धुवा.

अ‍ॅप्रोटिनिनला पर्याय

डोस दुरुस्त केल्यावर तुटणं जवळजवळ थांबलं. तरी आम्ही पुढे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडकडे वळलो आणि आता तेच वापरतो. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने स्त्रिया दगावू नयेत या तळमळीने. आज आपल्याकडे पाळीतल्या अतिरक्तस्रावासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांतही हेच असतं. ते प्लाझ्मिनला धरत नाही. प्लाझ्मिनोजेन फायब्रिनला ज्या जागांनी चिकटतं त्या जागाच ते अडवतं. रेणू लहान आणि टिकाऊ, पाण्यात सहज विरघळतो, वजनावर मिळतो, युनिटांचा घोळ नाही. आम्ही ४०० मायक्रोमोलर वापरतो, म्हणजे लिटरला सुमारे ६३ मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानातलं इंजेक्शन मात्र वापरू नका, प्रयोगशाळेच्या प्रतीची पूड घ्या. आणि हृदयाच्या टिश्यूबरोबर चेतापेशी वाढवत असाल तर सावध राहा: हे रसायन जास्त प्रमाणात चेतापेशींवरच्या ग्लायसिन आणि गाबा या संदेशवाहक रसायनांच्या रिसेप्टरवर परिणाम करतं.

काहीही बदललं तरी जुन्या आणि नव्या मीडियमचे टिश्यू एका बॅचमध्ये शेजारी-शेजारी वाढवून आकुंचनाचा जोर आणि लय मोजा. मध्येच जेल वाचवणारं रसायन बदललेल्या प्रयोगाचे आकडे मागच्या आकड्यांशी लावता येत नाहीत.

जेल विरघळत नसेल तर

कुठल्या वेलमधले टिश्यू तुटतात त्याचा नकाशा काढा. शेवटी ओतलेलेच तुटत असतील तर ओतताना नळीतल्या पेशी तळाशी बसत आहेत: पहिले टिश्यू दाट आणि शेवटचे विरळ होतात. दर तीन-चार टिश्यूंनंतर मिश्रण हलक्या हाताने वर-खाली करा. फायब्रिनोजेनचा मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमचा स्टॉक मधासारखा घट्ट असतो. तो मिश्रणात नीट मिसळला नाही तर एकाच पट्टीत एक टोक घट्ट आणि एक टोक पातळ अशी स्थिती होते. हा स्टॉक बनवताना कोमट सलाइनमध्ये आपोआप विरघळू द्यावा, जोरात हलवू नये, नाहीतर फेस होतो आणि पांढरे तंतू सुटतात. याला काही तास लागतात. घाई असेल त्या दिवशी तो बनवायला घेऊच नका.

तुटणं नेहमी एकाच बाजूला होत असेल तर खुंटी खाचेच्या भिंतीला टेकते आहे. रॅक तिरका बसला असेल किंवा खुंटीभोवती हवेचा बुडबुडा अडकला असेल. बुडबुडा राहिलेल्या टिश्यूला तिथे बारीक मान तयार होते आणि दहाव्या-बाराव्या दिवशी ती तुटते. ओतल्यावर लगेच प्रत्येक वेल भिंगाखाली बघा, बुडबुडा असेल तर वहीत नोंद करा. खाचेच्या तळाशी अ‍ॅगरोजमधून सुटलेलं पाणी साचलं असेल तर टिपून घ्या. ते खालचा थर पातळ करतं.

पेशी सुट्या करायला ईडीटीए वापरत असाल तर त्याचा अंश कॅल्शियम बांधून ठेवतो. मग जेल उशिरा धरतो आणि जाळीचे धागे एकमेकांशी पक्के जोडलेही जात नाहीत. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, फक्त जेल धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागल्याचं जाणवतं. म्हणून तो वेळ घड्याळ लावून मोजा.

रॅक उचलतानाच फाटत असेल तर मीडियम घातल्यावर आणखी अर्धा तास थांबा. बाकी काही नाही.

दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे ताणाने तुटणं असेल, तर मात्र पेशींकडे जावं लागतं. रूपांतर झालेल्या पेशींना ग्लुकोज नसलेल्या, लॅक्टेट घातलेल्या मीडियममध्ये काही दिवस ठेवलं की हृदयस्नायू पेशी टिकतात आणि बहुतेक इतर पेशी मरतात. जपानमधल्या गटाने २०१३ मध्ये दाखवलेली ही युक्ती आमच्याकडे उत्तम चालते. पण सगळे फायब्रोब्लास्ट घालवण्याच्या मागे लागू नका. थोडे असावे लागतात, त्यांच्याशिवाय टिश्यू नीट बांधला जात नाही, कोलॅजेनच्या जेलमध्ये तर अजिबातच नाही.

आधीच तुटला असेल तर

सुटलेलं टोक पुन्हा खुंटीला अडकवण्याचे सगळे प्रयत्न आम्ही करून पाहिले. चिमट्याने, ताज्या फायब्रिनच्या थेंबाने चिकटवून. दोन-चार तास धरतं, पुन्हा सुटतं, आणि चिकटलं तरी त्याच्या जोराचे आकडे वापरण्यालायक नसतात. त्यापेक्षा तुटलेला दिसताक्षणी त्याचे दोन भाग करा. एक भाग आरएनएसाठी लगेच गोठवा. दुसरा फॉर्मॅलिनमध्ये ठेवा आणि लांबीच्या दिशेने काप घेऊन फायब्रिन आणि ट्रोपोनिन दोन्ही रंगवा. तुटलेल्या टोकाशी फायब्रिन उरलंच नसेल आणि पेशी तेवढ्या दिसत असतील तर पुन्हा वर जाऊन ती चार द्रवांची चाचणी करा. त्याच वेलमधलं वापरलेलं मीडियमही काढून उणे ८० अंशांवर ठेवा, चाचणीला ते लागेल. आम्ही सुरुवातीच्या दोन बॅचचं मीडियम ओतून दिलं होतं, म्हणून तिसरी बॅच तुटेपर्यंत थांबावं लागलं.